पेव्हर ब्लॉक घरच्या घरी बसवायचेत? आधी खड्ड्याचं बघा

साताऱ्याजवळ आमचं घर आहे, त्याच्या गेटपासून दारापर्यंत पहिल्यांदा ब्लॉक बसवले ते एका कंत्राटदाराकडून, मार्च महिन्यात, तीन दिवसात काम उरकलं आणि दिसायला एकदम झकास, पाहुणे येऊन फोटो काढायचे. जुलैमध्ये जिथे स्कूटर उभी राहते तिथे परातीएवढा खळगा पडला, गणपतीपर्यंत त्यात डास व्हायला लागले. उचकटून बघितलं तर खाली नुसती ४० एमएमची मोठी खडी, तिच्यावर वाळू, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ती वाळू खडीच्या पोकळीत उतरून गायब. ब्लॉक मात्र एकही फुटला नव्हता. पुढच्या वर्षी तेच ब्लॉक मी, माझा मेहुणा आणि ओळखीचे एक गवंडीकाका अशा तिघांनी मिळून परत बसवले, ते अजून जागचे हललेले नाहीत. म्हणून जे पहिल्यांदाच हे काम अंगावर घेतायत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, आणि यात ब्लॉकपेक्षा मातीबद्दलच जास्त बोलणं होणारे हे आधीच सांगतो.

हे टिकतं कसं ते आधी समजून घ्या, नाहीतर मधल्या पायऱ्या तुम्ही कंटाळून गाळणार. ब्लॉक एकमेकांना सिमेंटने चिकटवलेले नसतात. चारी बाजूंनी पक्की कड, ब्लॉकच्या मधल्या फटीत ठासून भरलेली बारीक वाळू आणि खाली दाबून बसवलेला थर, या तिघांमुळे एका ब्लॉकवर पडलेलं वजन आजूबाजूच्या ब्लॉकांवर वाटलं जातं. कड सैल पडली की फटी रुंदावतात, फटी रुंदावल्या की वाळू निघते, वाळू निघाली की प्रत्येक ब्लॉक सुटा होऊन आपापला डुलायला लागतो. पाऊस पडून गेल्यावर फुटपाथच्या ब्लॉकवर पाय ठेवला आणि खालून चिखलाची पिचकारी पँटवर आली हा अनुभव नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण, ते हेच.

कधी करायचं? दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. काळ्या मातीची जागा असेल तर अजून एक, मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि जूनमध्ये पाणी पिऊन ती फुगते, त्यामुळे मी तरी डिसेंबर-जानेवारीच धरेन, तेव्हा ओल ना फार जास्त ना फार कमी.

ब्लॉक कुठला घ्यायचा

दुकानात गेलात की डंबेल, झिगझॅग, आय शेप, कॉस्मिक अशी नावं कानावर पडतात. पहिल्यांदा करणाऱ्याने सरळ विटेच्या आकाराचा २०० बाय १०० मिलिमीटरचा ब्लॉक घ्यावा, मोजायला सोपा, कापायला सोपा आणि दहा वर्षांनी चार ब्लॉक लागले तरी तोच साइझ मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. झिगझॅग दिसायला छान पण प्रत्येक कडेला कापाकापी.

जाडीचं भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. २००६ सालच्या आवृत्तीतला तक्ता ढोबळमानाने असा, की जिथे वाहतूक नाही तिथे ५० मिमी आणि एम-३० ग्रेड (एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद, जितका मोठा तितका ब्लॉक मजबूत), हलकी वाहतूक ६० मिमी आणि एम-३५, मध्यम असेल तर ८० मिमी आणि एम-४०. नुसती बागेतली पायवाट असेल तर ५० चालतो. कार आत येणार असेल तर मी ६०च म्हणेन. आणि उन्हाळ्यात तुमच्याकडे पाण्याचा टँकर गेटच्या आत येत असेल तर हौसेने ८० घ्या, कारण भरलेला टँकर एकदा वळला की ५० मिमीच्या ब्लॉकची काय दशा होते ते मी शेजाऱ्यांकडे बघितलंय.

ब्लॉक तपासायला लॅब लागत नाही. दोन ब्लॉक एकमेकांवर हळू आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बदबद नाही. आठ-दहा ब्लॉकची जाडी पट्टीने मोजा, ३ मिमीच्या वर फरक असेल तर बसवताना डोक्याला ताप होतो. मग एक ब्लॉक घरी आणून चांगला सुकवा, वजन करा, २४ तास बादलीत बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने पुसा आणि परत वजन करा. मानकाप्रमाणे पाणी शोषण सरासरी ६ टक्क्यांच्या वर जायला नको. विटेच्या साइझचा ६० मिमीचा ब्लॉक पावणेतीन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या फार वर वाढता कामा नये. माझ्या बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा यासाठी वापरला त्यावरून काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. आणखी एक, गुळगुळीत चकचकीत ब्लॉक, जे रबर मोल्डमधले म्हणून विकतात, ते दुकानात देखणे वाटतात पण पावसात त्याच्यावरून घरातली म्हातारी माणसं घसरतात. मशीनवर दाबून केलेला थोडा खरखरीत ब्लॉक घ्या.

हिशोब आमच्या अंगणाचाच देतो, ३० फूट लांब आणि १० फूट रुंद म्हणजे ३०० चौरस फूट. एवढ्याला विटेच्या साइझचे साधारण १४०० ब्लॉक बसतात, कापण्यात आणि फुटण्यात काही जातात म्हणून १५०० मागवले. वजन झालं चार टनांच्या आसपास, त्यामुळे टेम्पो कुठे उभा राहणार आणि ब्लॉक किती लांबून वाहायचे ते आधीच ठरवा, आम्ही ठरवलं नव्हतं आणि अख्खा एक दिवस नुसती हमाली झाली. खालच्या सहा इंची थरासाठी दबून १५० घनफूट लागतं पण माल सैल येतो म्हणून २ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि वाळूचा थर अधिक फटी यांना मिळून अर्धा ब्रास क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, पुरली.

आखणी आणि ढाळ

खुंट्या ठोकून दोरी बांधा. काटकोन बघायला गवंडी गुण्या लावतात, पण मोठ्या मापाला ३-४-५ ची युक्ती जास्त भरवशाची, म्हणजे कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट आणि दुसऱ्या दोरीवर ४ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोब्बर ५ फूट आलं की कोन ९० अंशाचा. जागा मोठी असेल तर ६-८-१० घ्या.

ढाळ हा विषय लोक शेवटी आठवतात आणि तोवर उशीर झालेला असतो. साठास एक धरा, म्हणजे १० फुटाला २ इंच, आणि ढाळ घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. ब्लॉकची वरची पातळी घराच्या जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. पातळी न्यायला महागडं लेझर वगैरे काही नको, पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना ते बघा. आणि हो, पाणी शेवटी जाणार कुठे हेही ठरवा, शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलंत तर पावसाळाभर भांडण.

याच वेळी चेंबरची झाकणं, बोअरची पाइपलाइन, अर्थिंगची तार कुठून जातेय ते कागदावर काढून फोटो काढून ठेवा. आणि माझं ऐका, या वाटेच्या खालून आडवे दोन रिकामे पीव्हीसी पाइप टाकून त्यांची तोंडं टोपणाने बंद करून ठेवा. उद्या बागेत दिवा लावायचा असेल, सीसीटीव्हीची वायर न्यायची असेल, गाडी चार्ज करायचा पॉइंट गेटपाशी हवा असेल, तेव्हा त्या दोन पाइपांची किंमत कळेल.

खोदाई, आणि खरं काम

६० मिमीचा ब्लॉक, तीसेक मिमी वाळू आणि सहा इंच खालचा थर, म्हणजे तयार पातळीच्या खाली साधारण साडेनऊ इंच खणायचं. बाजूंना अर्धा-पाऊण फूट जास्त खणा, कडेला जागा लागते. ढाळ इथूनच, मातीच्या तळालाच द्यायचा. वरच्या वाळूत ढाळ काढू म्हणणारा माणूस एका बाजूला एक इंच आणि दुसऱ्या बाजूला तीन इंच वाळू टाकतो आणि मग जाड बाजू बसते.

तळ मुरमाड लागला तर नशीबवान आहात, कुटून पुढे चला. कोकणात जांभा लागला तरी तेच. पण काळी माती लागली तर साडेनऊ इंचावर थांबू नका, अजून सहा ते नऊ इंच काढून टाका, तळावर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरा आणि त्यावर चांगला कडक मुरूम भरा. कापड खर्चिक वाटतं पण ते नसेल तर पावसाळ्यात काळी माती हळूहळू वर मुरमात मिसळते आणि मुरूम खाली जातो. सोन्यासारखी काळी माती निघते तिचं काय करायचं हा प्रश्न आमच्या आईने सोडवला, बांधावर नेऊन तिच्यात वांगी लावली.

आता थर. नुसती एका मापाची मोठी खडी टाकू नका, आमच्या पहिल्या वेळची चूक तीच होती. मोठ्या खडीपासून बारीक भुकटीपर्यंत सगळी मापं मिसळलेला माल हवा, खाणीवर जीएसबी किंवा डब्ल्यूएमएम म्हणून मागा. मोठ्या दगडांच्या मधल्या जागा बारीक मालाने भरल्या की वरच्या वाळूला उतरायला वाटच राहत नाही. कार येणार असेल तर दबून सहा इंच, नुसत्या पायवाटेला चार इंच.

सहा इंच एकदम टाकून वरून मशीन फिरवलं की वरचे दोन-तीन इंच घट्ट होतात आणि खाली भुसभुशीत राहतं, म्हणून तीन-तीन इंचाचे थर. प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे खालच्या सपाट लोखंडी पाट्याने थरथरत माल दाबणारं मशीन, भाड्याने मिळतो, हाताच्या धुम्मसाने पाच-दहा फुटाची पायवाट होईल पण ३०० फुटाला त्याच्या नादी लागू नका, दंड भरून येतात आणि काम अर्धवट राहतं. माल किंचित ओला हवा. मूठभर घेऊन आवळा, गोळा झाला आणि हाताला पाणी लागलं नाही तर बरोबर. भुगाच राहिला तर झारीने पाणी मारा, हात ओला झाला तर थांबा आणि माल सुकू द्या. प्रत्येक थरावर मशीन आधी उभं मग आडवं फिरवा, टाच जोरात मारून बघा, खूण उठली तर परत फिरवा. शेवटी दोरी ताणून तपासा, कुठेही अर्ध्या इंचाच्या आसपास खड्डा-उंचवटा दिसला तर तो इथेच मारायचा, वाळूवर ढकलायचा नाही. आम्हाला या भागालाच चार दिवस लागले, ब्लॉक बसवायला दीड.

कड

कर्ब स्टोन किंवा काँक्रीटची कड, काहीही करा पण करा. खाली काँक्रीटचा पाया आणि बाहेरच्या बाजूला काँक्रीटचा तिरपा टेकू, १:१.५:३ चा (सिमेंट, वाळू, खडी) माल चालतो. दोन बाजूंच्या कडा ब्लॉकच्या आधी करून घ्या, उरलेल्या दोन ब्लॉक बसत आल्यावर, म्हणजे कापावं कमी लागतं. नुसती वीट उभी गाडून तिला कड म्हणणारे लोक आहेत, गाडीचं चाक दोनदा कडेवरून गेलं की ती वीट बागेत पडलेली दिसते. काँक्रीटला दोन-चार दिवस पाणी मारा आणि तोवर त्याच्याजवळ मशीन फिरवू नका.

वाळूचा थर

इथे गवंडीकाकांचं आणि माझं वाजलं. ते म्हणाले, "साहेब, कोरडा माल टाकू की, वाळूत सिमेंट मिसळून, वरनं पाणी मारलं की पक्कं, हलायचं नाय." बऱ्याच ठिकाणी असंच करतात, पण नका करू. सिमेंटचा पातळ थर खालच्या लवचिक थरावर बसतो, गाडी गेली की त्याला तडे जातात, फटीतून उतरलेलं पाणी त्याच्यावर अडकून राहतं, आणि कधी पाइप फुटला म्हणून ब्लॉक काढायची वेळ आली तर छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. ब्लॉक काढून परत बसवता येतात हाच तर त्यांचा मोठा फायदा, तो आपल्याच हाताने घालवायचा कशाला.

तसंच खडीमशीनवरची कच, जिला डस्ट म्हणतात, तीसुद्धा या थराला नको. तिच्यात पिठासारखं बारीक फार असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि चिखल होतो. धुतलेली क्रश सँड घ्या. एका बाटलीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून जोरात हलवा आणि तासभर ठेवून द्या, वाळूच्या वर चिखलाचा जाड थर साचला तर ती वाळू परत पाठवा.

सपाट कशी करायची? एक इंची जीआय पाइपचे दोन तुकडे घ्या. एक इंची म्हणतात तरी त्याचा बाहेरचा व्यास ३३ मिमीच्या आसपास असतो, आपल्याला नेमका तेवढाच थर हवा. दोन पाइप थरावर समांतर ठेवा, मध्ये वाळू पसरा आणि पाइपांवरून ॲल्युमिनियमची सरळ पट्टी ओढा. पाइप उचलून पुढे न्या, त्यांच्या जागी पडलेली चरी हाताने वाळू घालून थापीने सारखी करा. तासा-दीड तासात ब्लॉक लागतील एवढीच वाळू ओढा. ओढलेल्या वाळूवर पाय द्यायचा नाही, आमच्याकडे कुत्रा फिरून गेला आणि सहा फूट परत ओढावं लागलं.

ब्लॉक बसवणं

सगळ्यात मजेचं आणि सगळ्यात सोपं काम. काटकोन पक्का असलेल्या कोपऱ्यातून सुरू करा आणि बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे सरकत जा. ब्लॉक शेजारच्याला टेकवून सरळ खाली सोडा, घासत ढकललात तर वाळू फटीत चढते. फट २ ते ४ मिमी. अगदी चिकटवून बसवायचा मोह होतो, पण मग वाळू जाणार कुठून.

पॅटर्न म्हणाल तर जिथे गाडी वळते, ब्रेक मारते तिथे हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखा, कारण त्यात एकही लांबलचक सरळ फट राहत नाही आणि ब्लॉक कुठल्याच दिशेला सरकत नाहीत. ९० अंशातला करा, ४५ अंशात कडेला फार कापावं लागतं. पायवाटेला साधा विटांच्या भिंतीसारखा सांधामोड पुरतो, फक्त लांब फटी चालण्याच्या दिशेला आडव्या ठेवा.

रंगाचे ब्लॉक असतील तर तीन-चार वेगवेगळ्या थप्प्यांतून मिसळून घ्या, नाहीतर अंगणात गडद-फिका असे पट्टे उमटतात. दर सहा-सात ओळींनी दोरी लावून बघा, इथली दोन मिमीची चूक गेटपर्यंत दोन इंच होते.

कापायला ग्राइंडर आणि डायमंड ब्लेड. पाणी मारत कापा, डोळ्याला गॉगल, नाकाला चांगला मास्क, नुसता रुमाल नाही, काँक्रीटची ही धूळ फुप्फुसात बसते ती बसतेच. पाणी आणि वीज एकत्र आहेत म्हणून ग्राइंडर आरसीसीबी (शॉक बसायची वेळ आली की वीज लगेच तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच लावा. एक तृतीयांशपेक्षा लहान तुकडा बसवू नका, तो निसटतो, त्याऐवजी आधीचा ब्लॉकही थोडा कापून दोन मध्यम तुकडे करा. चेंबरच्या झाकणाभोवती ब्लॉक तीन-चार मिमी वर ठेवा कारण ते पुढे थोडे बसतात. झाडाच्या बुंध्याभोवती तीन फूट जागा मोकळी सोडा, झाडाला पाणी मिळतं आणि मुळं ब्लॉक उचलत नाहीत.

दाबणं आणि फटी भरणं

सगळे ब्लॉक बसले, चारी कडा तयार झाल्या की प्लेट कॉम्पॅक्टर ब्लॉकवरून फिरवा, खाली रबरी मॅट बांधा म्हणजे ओरखडे येत नाहीत. काम अर्धवट असेल तर उघड्या कडेपासून तीन फूट लांबच राहा. खालची वाळू दबते आणि थोडी फटीत वर चढते, यात फुटलेले ब्लॉक लगेच बदला.

मग एकदम कोरडी, चाळलेली बारीक वाळू पसरून खराट्याने तिरकी-तिरकी लोटत फटी भरा, मशीन फिरवा, परत भरा, परत फिरवा. ओली वाळू फटीच्या तोंडाशीच अडकते आणि भरल्यासारखं वाटतं, म्हणून ताडपत्रीवर उन्हात सुकवून घ्या. सुरीचं पातं किंवा पत्र्याची पट्टी फटीत घालून बघा, अर्ध्या इंचाच्या खाली गेली तर अजून पोकळ आहे. हे झालं की त्याच दिवशी गाडी आणली तरी चालते, काँक्रीटसारखी वाट बघायची नाही.

पहिल्या पावसाच्या सरी येऊन गेल्या की फटी थोड्या खाली बसतात, तेव्हा उघडीप बघून परत एकदा वाळू लोटा. पागोळ्या थेट ब्लॉकवर पडत असतील तर तिथली वाळू दरवर्षी धुऊन जाणारच, पन्हळ लावा नाहीतर तेवढ्या पट्ट्यात गोटे टाका. पहिल्या काही महिन्यांत ब्लॉकवर पांढरी पावडर दिसली तर घाबरू नका, सिमेंटमधला चुना वर येतो, हळूहळू जातो, ॲसिडने धुऊ नका. गवत फटीत वरून उडून आलेल्या बियांमुळे उगवतं, झाडत राहिलात तर कमी. सावलीतल्या शेवाळावर ताठ खराटा हाच उपाय, प्रेशर वॉशर अगदी जवळून मारला तर वाळूच उडते.

आणि उरलेले वीस-पंचवीस ब्लॉक कुणाला देऊन टाकू नका, जिन्याखाली ठेवा. कधी एखादी जागा बसलीच तर दोन पातळ स्क्रू ड्रायव्हर समोरासमोरच्या फटीत घालून पहिला ब्लॉक हलवत-हलवत वर काढायचा, तो एक निघाला की बाकीचे हाताने निघतात. मग खालची वाळू काढून थर बघायचा, तो बसला असेल तर त्यात जीएसबी भरून कुटायचं, नुसती वाळू वाढवायची नाही, वर नवीन वाळू ओढून तेच ब्लॉक परत. आमच्या स्कूटरच्या जागेवर एकदा नळाची लाइन बदलायला म्हणून हे करावं लागलं, सकाळी नऊला बसलो ते जेवायच्या आत उठलो.